आगकाड्यांची मौज करणारे दादासाहेब फाळके



आपल्या पत्रिकेच्या प्रत्येक अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय देण्याची प्रथा आहे. ह्या वेळी कोणाचा परिचय द्यावा हे माझ्या कपाटातल्या एका बुटांच्या खोक्याने ठरवले. दिवाळीच्या सुट्टीनंतर सातव्या कक्षेतील काही मुलांकडून ते खोके जप्त होऊन माझ्याकडे आले होते. उघडून पाहिले तर आत दोन सैन्ये! बाटलीच्या बुचात मेणाने उभी केलेली आगकाडी म्हणजे मावळा. काडीचा लाल गुल हे त्याचे पागोटे आणि शर्टाचे बटण ही त्याची ढाल. टूथपेस्टचे टोपण म्हणजे बुरूज, दोऱ्याची रिकामी रीळ म्हणजे तोफ. जाड पुठ्ठ्यावर चौकोन आखून किल्ला काढला होता आणि दरवाजापाशी हाथी पौर असे लिहिले होते. वहीच्या एका पानावर खेळाचे नियमसुद्धा होते. घोडेस्वाराने किती घरे जायचे, पायदळाने किती, फाशावर सहा पडले तर तोफ कोणाला लागते, सगळे क्रमवार लिहिलेले.

शिक्षकांनी खोके काढून घेतले ते योग्यच केले, कारण वर्गात पेटणाऱ्या काड्या ठेवणे धोक्याचे आहे. पण त्यानंतर एक पालक मला भेटायला आले आणि म्हणाले की असल्या कचऱ्याच्या खेळांमुळे मुलगा अभ्यासातून जात आहे. त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. आजचा हा लेख काही अंशी ते उत्तर आहे. काही अंशी त्यांची काळजी मला पटलेलीही आहे, आणि तेही पुढे येईलच.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते दादासाहेब फाळके. मुले लगेच विचारतात, हे आपल्या लश्करच्या फालका बाजारातले का? नाही. हे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान होते. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा पोथ्या घेऊन बसेल अशीच सर्वांची अपेक्षा असणार. धुंडिराजाचा ओढा मात्र चित्रे काढणे, मूर्ती घडवणे, नाटक आणि जादू ह्यांकडे. १८८५ साली त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला घातले. तेथून ते मोठ्या भावाकडे बडोद्याला गेले. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात १८९० साली कलाभवन सुरू झाले होते. तेथे चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकाम, छायाचित्रण असे हाताला लागेल ते सर्व त्यांनी शिकून घेतले.

आता खोक्याशी संबंध असलेली पहिली गोष्ट सांगतो. १८९२ साली अहमदाबादला औद्योगिक प्रदर्शन भरले होते. फाळके तेव्हा बावीस वर्षांचे. त्यांनी त्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाची एक लहान प्रतिकृती मांडली. खरे नाट्यगृह बांधायला त्यांच्याजवळ ना जागा होती, ना पैसा. म्हणून ते लहान करून दाखवले. त्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले, आणि पदकापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ती पाहून खूष झालेल्या एका चाहत्याने त्यांना एक महागडा कॅमेरा भेट दिला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या जनकाच्या हातात चांगला कॅमेरा आला तो एका खेळण्यातल्या नाटकगृहामुळे.

प्रतिकृती करणे वाटते तितके सोपे नसते. दरवाजा जितक्या पटीने लहान केला तितक्याच पटीने खुर्ची, पायरी आणि माणूस लहान करावा लागतो, नाही तर डोळ्याला लगेच खोटे दिसते. (आमच्या मुलांच्या खोक्यात हत्ती घोड्यापेक्षा लहान आहे. कारण विचारले तेव्हा समजले की हत्तीसाठी मिळालेले खोडरबरच तेवढे होते.) गणिताच्या तासाला आपण गुणोत्तर शिकवतो, पण ते हातात येते अशा वेळी.

पुढची काही वर्षे फार खडतर गेली. फाळक्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. ते बडोद्याला परत आले, पण तेथे फोटो काढल्याने माणसाची शक्ती जाते असा लोकांचा समज होता, त्यामुळे धंदा चालेना. त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि फाळके ह्या नावातली अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केळफा ह्या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. हे नाव, मुलींनो, विशेष लक्षात ठेवा. पुढे पुरातत्त्व खात्यात नकाशे काढण्याची नोकरी, ती सोडून छापखाना, रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनीची वारी, आणि भागीदारांशी न पटल्यामुळे तो छापखानाही सोडणे. चाळिशी आली तेव्हा घरात मुले होती आणि हाताशी कोणताही नक्की उद्योग नव्हता.

अशा अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूच्या थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. हे आपल्याकडे का होऊ नये, ह्या एका विचाराने त्यांना झपाटले. त्यांनी एक छोटे यंत्र आणि काही फिल्मच्या गुंडाळ्या मिळवल्या. मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून ते रात्र रात्र घरच्या भिंतीवर चित्रे पाहत बसू लागले. दिवसा सिनेमा, रात्री भिंत, झोप जवळजवळ नाही. परिणाम असा झाला की डोळ्यांवर विलक्षण ताण येऊन त्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचाराने आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने ती परत आली. मला भेटायला आलेल्या पालकांची आठवण मला इथे होते. छंदाने माणूस वाहवतो हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. कोणीही आई-वडील हे पाहून घाबरतील.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. ओळख कोणाचीच नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न ह्यांच्या कार्यालयात ते सरळ जाऊन उभे राहिले. कॅबोर्न ह्यांनी आधी त्यांना ह्या धंद्यात पडू नका असाच सल्ला दिला, पण माणूस ऐकणारा नाही हे पाहून सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ ह्यांनी आपल्या स्टुडिओतले सर्व विभाग उघडे करून दाखवले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म ह्यांची व्यवस्था करून फाळके एप्रिलमध्ये परत आले.

कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा कोठून आणायचा? सावकाराला समजावणार काय? पडद्यावर हलणारी चित्रे आपल्या देशात एक माणूस आपल्या घरी तयार करू शकतो, ह्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एक कुंडी घेतली. त्यात वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि ठराविक वेळाने एक एक चित्र घेत राहिले. महिनाभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. नंतर ती सर्व चित्रे सलग पडद्यावर दाखवली, तेव्हा मिनिटभराच्या अवधीत दाण्याला अंकुर फुटला, पाने आली आणि वेल वर चढला. ह्या लघुपटाचे नाव अंकुराची वाढ. तो पाहून कर्ज देणारे पुढे आले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबून हिशेब करावा. मूकपटाच्या काळात पडद्यावर एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत, म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रे. महिनाभर पसरलेली गोष्ट ९६० तुकड्यांत पकडायची, तर कॅमेरा कणभरही हलता कामा नये आणि प्रकाशही सारखा पाहिजे. आज मोबाईलमध्ये बटण दाबून हे होते. आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत एक कुंडी ठेवून मुलांनी हे करून पाहावे असे मी विज्ञान शिक्षकांना सुचवले आहे.

आणि आता सरस्वतीबाई. त्या काळी कच्ची फिल्म कडांना भोके न पाडलेली येत असे. भोके नसतील तर यंत्राचे दात फिल्मला पकडूच शकत नाहीत. एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एका फुटाला १२८ भोके. राजा हरिश्चंद्र सुमारे ३,७०० फूट लांब झाला. बाकीचा गुणाकार मुलांनी करावा. फिल्मला उजेड लागला तर ती वाया जाते, म्हणून हे काम अंधारात करावे लागे, आणि ते सरस्वतीबाईंनी केले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करत. चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्याही राहत. पैसा कमी पडे तेव्हा त्यांचे दागिने गेले. दादासाहेबांना चित्रपटाचे जनक म्हणतात, ते ठीकच आहे. पण मला वाटते, त्या घरात जनक एकटे नव्हते.

दादरच्या घरातच स्टुडिओ उभा राहिला. पडद्यावरचा राजवाडा म्हणजे फाळक्यांनी रंगवलेले पडदे. राणी तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात अण्णा साळुंखे हा नाजूक हातांचा आचारी त्यांच्या नजरेस पडला. त्याला महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले आणि तारामती मिळाली. रोहिदासाचे काम त्यांचा मुलगा भालचंद्र ह्याने केले. वांगणी गावाजवळ बाहेरचे चित्रीकरण करताना ढाली-तलवारी घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि प्रकरण फौजदारापर्यंत गेले. सामान उघडून, कॅमेरा दाखवून फाळक्यांना त्यांची समजूत घालावी लागली. नकली शस्त्रे इतकी खरी वाटली, ह्याचा त्यांना मनातून आनंदच झाला असेल असे मला उगीच वाटते.

२१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात राजा हरिश्चंद्र सर्वांसाठी लागला. तो चांगला चालला, हे आपण सर्व जाणतो.

थोडे विषयांतर करतो, कारण ते खोक्याशी संबंधित आहे. त्याच १९१३ साली इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स ह्या प्रसिद्ध लेखकाने लिटल वॉर्स नावाचे पुस्तक काढले. विषय काय, तर खेळण्यातले शिशाचे शिपाई घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळावी. त्याआधी १९११ साली त्यांचे फ्लोअर गेम्स हे पुस्तक आले होते. त्यात लाकडी ठोकळे, फळ्या आणि बागेतल्या डहाळ्या ह्यांतून मुलांबरोबर गावे आणि बेटे कशी रचावीत हे सांगितले आहे. शिपायाने किती अंतर जायचे, चाल किती वेळात संपवायची, स्प्रिंगच्या तोफेने किती गोळे मारायचे, ह्याचे नियम त्या मोठ्या लेखकाने गंभीरपणे लिहिले. आज जगभर टेबलावर छोटे सैनिक मांडून जे खेळ खेळले जातात त्यांच्या पूर्वजांमध्ये ह्या पुस्तकाची गणना होते. आमच्या सातवीच्या मुलांनी वेल्स वाचलेले नाहीत. तरी त्यांच्या वहीतले नियम पाहून मला नवल वाटले.

वेल्स ह्यांना खरे युद्ध नको होते, खेळातलेच पुरे असे त्यांचे मत होते. पण पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले आणि त्याची झळ दादरपर्यंत आली. फाळके १९१४ साली आपले तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले होते. तेथे त्यांच्या कामाची स्तुती झाली, तेथेच राहून काम करण्याची विचारणाही झाली. ती त्यांनी नाकारली. मायदेशी आले तर युद्धामुळे पैसा देणारे मागे सरलेले, कच्ची फिल्म महागलेली आणि दुर्मिळ झालेली, मोठा चित्रपट काढणे अशक्य.

अशा वेळी त्यांनी १९१५ साली आगकाड्यांची मौज हा लघुपट केला. नट नाही, राजवाडा नाही, साठ माणसांचा स्वयंपाक नाही. माचिसच्या काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. पडद्यावर काड्या आपोआप चालू लागतात आणि आकृत्या करू लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल ह्यांनी १९०८ साली काड्यांचा असा चित्रपट केला होता, त्यामुळे ही युक्ती जगात अगदी नवी नव्हती. आपल्या देशात मात्र निर्जीव वस्तूंना चालवून दाखवण्याच्या कलेचा आरंभ ह्या काड्यांपासून धरतात. नाण्यांचा असाच एक खेळ त्यांनी लक्ष्मीचा गालिचा ह्या नावाने केला. खिशात पैसा नसताना नाण्यांचा गालिचा विणणारा हा माणूस!

कुंडी, काड्या, नाणी ही यादी पाहिली की लक्षात येते की फाळक्यांजवळ जे होते त्यातूनच ते सुरुवात करत. मोठे साधन मिळेपर्यंत थांबून राहिले असते तर ते कदाचित छापखान्याचे एक चांगले व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले असते.

१९१७ साली लंका दहन आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंखे ह्यांनीच केल्या. १९१८ साली श्रीकृष्ण जन्म, १९१९ साली कालिया मर्दन. कालिया मर्दनमध्ये बाळकृष्णाचे काम त्यांची मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. ह्या चित्रपटाचा बराच भाग आजही टिकून आहे, जमल्यास मुलांनी अवश्य पाहावा. यमुनेत नागाशी झुंजणारी ती चिमुरडी पाहिली की मागे कोणते पडदे आणि कोणता बनावट फणा आहे ह्याचा विसर पडतो.

ह्यापुढचा भाग मी लवकर आटोपतो, कारण तो आनंदाचा नाही. नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी मतभेद झाले, फाळके काशीला निघून गेले, तेथे नाटक लिहिले, परत आले. १९३१ साली बोलपट आला आणि त्यांची मूक दुनिया मागे पडली. १९३७ सालचा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २७ लघुपट केले असे सांगतात, पण त्यांतले फार थोडे, तेही बहुतेक तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. आगकाड्यांची मौज आज पाहायला मिळत नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात जवळ पैसा नव्हता आणि ज्या धंद्याचा त्यांनी पाया घातला त्यातले फारसे कोणी विचारपूस करणारेही नव्हते. भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून देण्यास आरंभ केला, त्याला पंचवीस वर्षे जावी लागली.

म्हणून त्या पालकांना मी असे म्हणणार नाही की मुलाला खेळू द्या, तो फाळके होईल. फाळके होण्याची किंमत त्या घराने काय मोजली ते वर लिहिलेच आहे. मी एवढेच सांगेन की खोक्यातल्या वहीत भाषा होती, गणित होते आणि आपल्या डोक्यावर उभ्या असलेल्या किल्ल्याचा नकाशाही होता. आपण किला गेटला राहतो. रोज शाळेत येताना वर तो एवढा मोठा डोंगर दिसतो. तरी दिवाळीत घराघरांतून आपली मुले मातीचा वेगळा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात आणि वरच्या खऱ्या किल्ल्यापेक्षा त्याची जास्त काळजी घेतात.

खोके मी मुलांना परत केले आहे. अट एकच घातली: आगकाड्या चालणार नाहीत, खेळ मधल्या सुट्टीतच आणि वाचनालयाच्या मागच्या टेबलावर. मावळे आता झाडूच्या काड्यांचे झाले आहेत आणि लाल पागोटी नेलपॉलिशची. नेलपॉलिश कोणत्या घरातून आले ह्याची चौकशी मी केलेली नाही. मुलाच्या वडिलांनी मागच्या शनिवारी उभ्या उभ्या एक डाव पाहिला आणि तोफेची घरे जास्त आहेत अशी हरकत घेतली. त्यावर नियम बदलण्यात आला. हत्ती अजून घोड्यापेक्षा लहानच आहे.

— प्राचार्य